पिकअपचे टायर : उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे

खेड तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर आता बैलगाडी क्वचितच दृष्टीस पडते. तिची जागा लहान मालवाहू मोटारीने घेतली आहे. २००५ साली बाजारात आलेली आणि लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिलेली गाडी असो, की तिच्याहून मोठी पिकअप असो, शेतीच्या वर्षभराच्या कामात ती घरच्या बैलजोडीप्रमाणेच राबत असते. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या घेऊन ती रातोरात वाशीचा बाजार गाठते. जूनमध्ये खताच्या गोणी आणते, जुलैमध्ये दापोलीहून आंब्या-काजूची कलमे आणते आणि दिवाळीच्या सुमारास भात व पेंढा वाहते. पूर्वी लांबच्या वाटेस निघण्यापूर्वी शेतकरी बैलाचे खूर पाहून घेत असे व नाल झिजला असल्यास नवा ठोकून घेत असे. मोटारीचे टायर म्हणजे तिचे खूरच होत. परंतु त्यांच्याकडे तेवढ्या आस्थेने पाहिले जात नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

खरिपाच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या एका गावसभेत एका तरुण बागायतदाराने विचारले, “साहेब, परदेशात गाडीला हिवाळ्याचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे ठेवतात, असे मी मोबाईलवर पाहिले. आपणही तसे दोन संच ठेवावेत काय?” प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. यास्तव त्याचा सविस्तर विचार येथे केला आहे.

थंड देशांतील पद्धत

टायरचे रबर थंडीने कडक होते व उष्णतेने मऊ होते. उन्हाळ्यासाठी बनविलेल्या टायरचे रबर हवेचे तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले म्हणजे ताठर होऊ लागते आणि रस्त्यावरील त्याची पकड कमी होते. याकरिता थंड देशांत हिवाळी टायरचे रबर मुद्दाम मऊ राखतात. त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा पाडलेल्या असतात. या चिरांच्या कडा बर्फात रुतून गाडीस आधार देतात.

ही युक्ती प्रथम फिनलंड देशात निघाली. तेथील एका रबर कारखान्याने १९३४ साली बर्फावर चालणाऱ्या मालमोटारीसाठी खास टायर तयार केला. म्हणजे हिवाळी टायरचा जन्मच मुळी माल वाहणाऱ्या गाडीसाठी झाला. आज स्वीडनमध्ये रस्त्यावर हिवाळी स्थिती असल्यास १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात असे टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. जर्मनीतही बर्फ असताना हिवाळी टायरांवाचून गाडी चालविता येत नाही. तेथील कुटुंबे आठ टायर बाळगतात, ती हौसेखातर नव्हे.

आपल्याकडे बर्फ नाही. खेडमध्ये थंडीच्या एखाद्या पहाटे पारा खाली उतरला, तरी दिवस वर येताच रस्ता पुन्हा तापतो. अशा ठिकाणी हिवाळी टायर लावल्यास लाभ तर नाहीच, उलट नुकसान आहे. मऊ रबर मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर झपाट्याने झिजते आणि ओझ्याखाली नक्षीचे ठोकळे हलू लागल्याने वळणावर गाडी डुलते. तेव्हा कोणी विक्रेता स्वस्तात परदेशी वापरलेले टायर देऊ करील, तर त्यांच्या बाजूवर डोंगर व हिमकण यांचे चिन्ह आहे काय हे पाहावे आणि असल्यास ते घेऊ नयेत.

आपले ऋतू दोन : कोरडा आणि ओला

टायरच्या दृष्टीने कोकणात ऋतू दोनच आहेत. ऑक्टोबर ते मे हा कोरडा आणि जून ते सप्टेंबर हा ओला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा या चार महिन्यांतच पडतो. आपल्या गाडीपुढील खरा प्रश्न बर्फाचा नसून पाण्याचा आहे.

ओल्या रस्त्यावर चाक फिरते तेव्हा रस्ता आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. नक्षीच्या खाचा हे पाणी बाजूला काढून देतात. भाताच्या खाचरात जादा पाणी झाले म्हणजे आपण बांध फोडून त्यास वाट करून देतो, तेच काम या खाचा करतात. खाचा झिजल्या की पाण्यास वाट उरत नाही. मग चाक पाण्यावर चढते आणि तरंगू लागते. अशा वेळी सुकाणू फिरविले तरी गाडी वळत नाही व ब्रेक दाबला तरी थांबत नाही.

या गोष्टीचा अभ्यास अमेरिकेतील ‘नासा’ या संस्थेने विमानांच्या चाकांवर केला आणि १९६३ साली प्रसिद्ध केला. टायरमध्ये हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगात चाक पाण्यावर चढते, असे त्यात आढळून आले. त्यातील सूत्राने हिशेब केला, तर साचलेल्या पाण्यात ३६ पौंड हवेचे चाक ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगास तरंगेल आणि २५ पौंड हवेचे चाक सुमारे ८३ किलोमीटर वेगासच तरंगेल. हे आकडे अंदाजाचे समजावेत. गुळगुळीत टायर व रिकामा हौदा असेल, तर याहून कमी वेगातही गाडी घसरू शकते. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची जी समजूत काही चालकांत आहे, ती डांबरी रस्त्यावर किती घातक आहे हे यावरून ध्यानात येईल.

एक पाहिलेली घटना

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट आहे. एका बागायतदाराची पिकअप वाशीहून रिकामे क्रेट घेऊन परतत होती. आंब्याचा हंगाम आटोपला होता आणि ती शेवटची खेप होती. पहाटे पावसाची पहिली सर येऊन गेली होती. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेली धूळ व तेल यांचा त्या पाण्याने राप झाला होता. घाटातील एका उतारावरच्या वळणावर चालकाने ब्रेक दाबला आणि गाडीचा मागील भाग आडवा झाला. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली म्हणून बरे. दुसऱ्या बाजूस दरी होती. चालकाच्या खांद्यास दुखापत झाली, भाताची लावणी त्यास करता आली नाही आणि गाडी महिनाभर कामातून गेली.

नंतर मागील टायर पाहिले, तेव्हा मधल्या खाचा जेमतेम दोन मिलिमीटर उरल्या होत्या. मालक म्हणाले, “टायर बदलायचे मनात होते. म्हटले, हंगाम तर निघाला, आता गणपतीनंतर बघू.”

या एका वाक्यात आपल्याकडील सर्व चूक सामावलेली आहे. हंगामात भरलेल्या गाडीच्या खेपांनी टायर झिजतात आणि ते सर्वांत अधिक झिजलेले असतात नेमके मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे मृग नक्षत्राच्या तोंडावर. जेव्हा खोल खाचांची सर्वाधिक गरज, तेव्हाच त्या नाहीशा झालेल्या असतात. टायर कोणते घ्यावेत, याहूनही ते केव्हा घ्यावेत, हा आपल्याकडील महत्त्वाचा प्रश्न आहे.

दोन संच कोणास परवडतील?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. ओल्या ऋतूसाठी खोल नक्षीचा एक संच आणि कोरड्या ऋतूसाठी अर्धा झिजलेला दुसरा संच, असे ठेवणे शास्त्राला धरून आहे. परंतु ते प्रत्येकास परवडणार नाही. एक हिशेब करून पाहू.

समजा, चार टायरांचा एक संच ५०,००० किलोमीटर चालतो. ज्या शेतकऱ्याची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर धावते, त्याचा एक संच चार वर्षे पुरेल. त्याने दोन संच ठेवले, तर ते आठ वर्षांहून अधिक काळ चालावयास हवेत. परंतु रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. पाच-सहा वर्षांनंतर त्यास बारीक भेगा पडू लागतात व ते ठिसूळ होते. म्हणजे नक्षी शिल्लक असतानाच टायर टाकून देण्याची पाळी येईल. या शेतकऱ्याने दोन संच ठेवू नयेत.

ज्याची गाडी भाड्याने चालते व वर्षाला ४०,००० किलोमीटर धावते, त्याचा एक संच सव्वा वर्षात संपतो. त्याने दोन संच ठेवले, तर दोन्ही मिळून अडीच वर्षांत वापरून होतात व रबर म्हातारे होण्यापूर्वीच त्याचा पैसा वसूल होतो. अशा व्यावसायिकाने दुसरा संच स्वतंत्र रिमवर बसवून ठेवल्यास दर वेळी टायर काढण्या-घालण्याचा खर्चही वाचेल.

बहुसंख्य शेतकरी पहिल्या प्रकारात मोडतात. त्यांच्यासाठी जोडीची पद्धत सुचवावीशी वाटते.

जोडीची पद्धत

चारही टायर एकदम न घेता दर दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक नवी जोडी घ्यावी. नवी जोडी मागील चाकांना लावावी. मागील जोडी पुढे आणावी आणि पुढील जुनी जोडी काढून टाकावी. वर्षाला १२,००० किलोमीटरच्या हिशेबाने प्रत्येक टायर दोन वर्षे मागे व दोन वर्षे पुढे चालतो. चार वर्षांत चार टायर म्हणजे खर्च तेवढाच राहतो, तो दोन हप्त्यांत विभागला जातो आणि दर दुसऱ्या पावसाळ्यास मागील चाकांना नवे टायर मिळतात.

नवी जोडी पुढे न लावता मागे का लावावी, अशी शंका येईल. पुढील चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते व चालकास ते हातांना जाणवते. वेग कमी केल्यावर ती पुन्हा ताब्यात येऊ शकते. मागील चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते व सावरण्यास अवधी मिळत नाही. पिकअपचा हौदा रिकामा असता मागील चाकांवर वजन कमी असते, म्हणून हा धोका तिच्या बाबतीत अधिक आहे. परंतु याचा अर्थ पुढील टायर गुळगुळीत चालतील, असा नव्हे. दर जूनला चारही टायरांची नक्षी ३ मिलिमीटरहून अधिक असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकी गाडीस १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. ती कायद्याची मर्यादा होय. कोकणच्या पावसात तिच्यावर विसंबून राहू नये.

नक्षी कशी निवडावी?

ज्याची गाडी मुख्यतः मुंबई-गोवा महामार्गावर धावते, त्याने लांबीच्या दिशेने सरळ खोल खाचा असलेली नक्षी चारही चाकांना घ्यावी. अशा खाचांतून पाणी लवकर निघून जाते. ज्याचे घर डोंगरातील वाडीवर आहे आणि ज्यास जांभ्याच्या चढणीवरून व तांबड्या चिखलातून जावे लागते, त्याने मागील चाकांना आडव्या, रुंद ठोकळ्यांची नक्षी घेतल्यास सोयीचे पडते. बारीक खाचा चिखलाने भरून जातात, रुंद खाचा तो झटकून टाकतात. मात्र पुढे-मागे वेगळी नक्षी ठेवली, तर वर सांगितलेली जोडीची अदलाबदल करता येत नाही. तेव्हा पुढील व मागील जोडी आपापल्या वेळी, परंतु मे महिन्यातच, बदलावी. एकाच आसावरील दोन्ही टायर सारख्याच मापाचे, जातीचे व नक्षीचे असावेत. मालवाहू गाडीस तिच्या भारक्षमतेचे, म्हणजे बाजूवर ‘एल.टी.’ अशी अक्षरे असलेले टायरच घ्यावेत. प्रवासी मोटारीचे टायर स्वस्त मिळाले तरी ते भरलेल्या पेट्यांचे ओझे सोसत नाहीत.

गोटा झालेल्या टायरवर हत्याराने पुन्हा खाचा कोरून देणारे कारागीर काही ठिकाणी आढळतात. असे टायर वापरू नयेत. कोरल्याने नवे रबर येत नाही. आतील धाग्यांवरील जे थोडे रबर उरलेले असते, तेही कमी होते व टायर फुटतो. रिमोल्ड केलेला टायर पुढील चाकास कधीही लावू नये.

उन्हाळ्यातील काळजी

कोरड्या ऋतूत कमी नक्षीचा टायर चालतो, कारण तेथे पाणी बाजूस सारावयाचे नसते. तथापि उन्हाळ्याचा शत्रू वेगळा आहे. तो म्हणजे उष्णता. आंब्याच्या हंगामात ओझे अधिक, अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आणि रस्ता तापलेला असतो. यात हवा कमी असेल, तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास दबते व उठते, आतून तापत जाते आणि शेवटी फुटते. ‘उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी’ ही समजूत अगदी उलटी आहे. तापमान दर ५ ते ६ अंशांनी वाढले की हवेचा दाब सुमारे १ पौंड वाढतो. ही वाढ धरूनच टायर बनविलेला असतो. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी, ते गाडीच्या दाराजवळील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. त्याप्रमाणे भरावी. तापलेल्या टायरमधील हवा वाटेत सोडू नये.

टायरचे वय त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते. तेथील लंबगोलात चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे होत. ‘२३२४’ असे असल्यास तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनविला, असे समजावे. नवा टायर घेताना हे अंक अवश्य वाचावेत.

ठेवलेल्या टायरांची निगा

काढून ठेवलेले टायर धुऊन, वाळवून, सावलीत व कोरड्या जागी ठेवावेत. डिझेल, ग्रीस व फवारणीची औषधे यांपासून ते दूर असावेत. विजेच्या पंपाजवळही ठेवू नयेत, कारण मोटारीच्या ठिणग्यांपासून निघणारा ओझोन वायू रबरास भेगा पाडतो. रिमवरील टायर एकावर एक आडवे रचावेत. रिम नसलेले टायर उभे ठेवून महिन्यातून एकदा थोडे फिरवावेत. कोणता टायर कोणत्या चाकाचा, हे खडूने लिहून ठेवावे.

टायर अंगणात किंवा कलमाखाली उघड्यावर कधीही टाकू नये. पावसात त्यात पाणी साचते आणि त्या स्वच्छ पाण्यात डेंगी व चिकुनगुनिया पसरविणारे डास अंडी घालतात. गाडीचा जीव राखण्यासाठी ठेवलेला टायर घरच्या मुलाबाळांच्या जिवावर उठू नये.

काडीची परीक्षा

नक्षी मोजण्यास कोणतेही महाग उपकरण लागत नाही. एक आगकाडी घ्यावी. ती टायरच्या मधल्या खाचेत तळापर्यंत उभी घालावी, वरच्या कडेशी नखाने खूण करावी आणि काडी मुलाच्या शाळेच्या फूटपट्टीवर ठेवून मिलिमीटर वाचावेत. खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी उंचवटे असतात. ते झीज दाखविण्यासाठी असल्याने त्यांवर काडी टेकवू नये. प्रत्येक टायरची आतील, मधली व बाहेरील अशा तीन ठिकाणी परीक्षा करावी. मध्ये अधिक झीज असल्यास हवा जादा राहते, दोन्ही कडांना अधिक असल्यास हवा कमी राहते आणि एकाच कडेस असल्यास चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे, असे बहुधा समजावे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. चारही टायरांची नक्षी ३ मिलिमीटरहून अधिक आहे काय?
२. बाजूवर भेगा, फुगवटा किंवा उघडे पडलेले धागे आहेत काय?
३. वय पाच-सहा वर्षांहून अधिक झाले आहे काय? झाले असल्यास जाणकारास दाखवावे.
४. चांगली जोडी मागील चाकांना आहे काय?
५. स्टेपनीत हवा आहे काय? जॅक व पाना गाडीत आहेत काय?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

मे महिन्यात भाताच्या बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया दाखविण्यासाठी आपण वाडीवाडीवर सभा घेता. त्याच सभेनंतर बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टायरांत काडी घालून दाखवावी. दहा मिनिटांचे हे काम आहे. खूण ३ मिलिमीटरच्या खाली आली, तर मालकास तेथेच सांगावे.

शेतकरी बंधूंनीही एक निश्चय करावा. वाशीच्या व्यापाऱ्याकडून आंब्याची पट्टी हाती आली की त्या पैशातून पहिला खर्च टायरचा काढून ठेवावा. गणपतीस चाकरमानी घरी येतील तेव्हा त्यांना आणावयास जाणारी गाडी हीच असते आणि तोवर पावसाचे तीन महिने उलटलेले असतात. नवे टायर त्या तीन महिन्यांपूर्वी लागले पाहिजेत. नांगर जसा मृगापूर्वी दुरुस्त करून ठेवावा लागतो, तसेच हेही काम आहे.